दोन ठोसे, दोन काटे

भाच्याने पहिल्याच टर्नला माझ्या गेंगारला दचकवलं, तेव्हा मला वाटलं सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी गडबड आहे. गेंगार म्हणजे भूत. कंगासखानची ‘फेक आउट’ ही चाल नॉर्मल प्रकारातली. आणि नॉर्मल प्रकाराचा मार भुताला लागत नाही, आरपार जातो. पोकेमॉन खेळणाऱ्या पोरांना हे सतराच्या पाढ्याआधी पाठ असतं. त्याच भरवशावर मी गेंगारला पुढे केलं होतं. मार लागला. गेंगार दचकला, त्याची टर्न फुकट गेली आणि कंगासखानच्या जोडीदाराने त्याला तिथेच झोपवलं.

‘‘असा कसा लागला?’’

‘‘मी मेगा केलंच नाही ना, मामा. अजून स्क्रॅपी आहे तिच्याकडे.’’

एवढं सांगून तो पुढची चाल निवडायला लागला. मला ते वाक्य पुरतं कळायला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत एका पोकेमॉनच्या पोटात किती गणित भरलेलं असतं ते समजलं.

आपल्याकडे पोकेमॉन म्हटलं की २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत बोलणारा अ‍ॅश आणि त्याचा पिवळा पिकाचू आठवतो, नाहीतर २०१६ साली फोन समोर धरून फूटपाथवर ठेचकाळणारी माणसं. मूळ वस्तू मात्र व्हिडिओ गेम आहे. १९९६ साली जपानमध्ये आला तेव्हा त्यात १५१ प्राणी होते आणि कंगासखान त्यातलीच, ११५ क्रमांकाची. पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन फिरणारी, २.२ मीटर उंचीची आई. या जातीत नर नसतोच. बरीच वर्षं तिची कोणी फारशी दखल घेत नव्हतं.

या खेळाच्या अधिकृत स्पर्धा होतात, दरवर्षी जागतिक अजिंक्यपद असतं, आणि तिथला खेळ घरी सोफ्यावर खेळतात त्यापेक्षा वेगळा आहे. दोघांकडे प्रत्येकी सहा पोकेमॉन. खेळ सुरू होण्यापूर्वी दोघांनाही समोरचे सहा दिसतात. मग सहातले चार निवडायचे, त्यातले दोन एका वेळी मैदानात. सगळे पन्नासाव्या लेव्हलला आणले जातात, म्हणजे कोणी किती तास खेळून आपलं जनावर पोसलंय याला किंमत नाही. प्रत्येकाकडे चार चाली, एक अंगभूत गुण आणि हातात एक वस्तू.

याला टर्न-बेस्ड म्हणतात, पण बुद्धिबळासारखं आळीपाळीने काही होत नाही. दोघंही आपापल्या चाली गुपचूप निवडतात, आणि मग त्या प्राधान्य आणि वेग यांच्या क्रमाने एकदम उघडतात. लहानपणी मुठीत चिंचोके लपवून एकी की बेकी खेळलेल्या माणसाला हा खेळ बुद्धिबळपटूपेक्षा लवकर समजेल असं मला वाटतं.

आता कंगासखानकडे येऊ.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘पोकेमॉन वाय’ जगभर एकाच दिवशी आले आणि त्यांच्यासोबत मेगा इव्होल्यूशन आलं. ठरावीक पोकेमॉनच्या हाती ठरावीक खडा द्यायचा आणि लढाईत एकदाच, एकाच पोकेमॉनला, त्या लढाईपुरतं मोठं रूप द्यायचं. बहुतेकांचं रूप पालटलं ते दिसण्यात आणि आकड्यांत. कंगासखानच्या बाबतीत मात्र पिशवीतलं पिल्लू मोठं होऊन खाली उतरलं आणि आईच्या शेजारी उभं राहून लढायला लागलं. या गुणाचं नाव पॅरेंटल बाँड. आईने मारलं की पाठोपाठ पिल्लूही मारतं, आईच्या निम्म्या ताकदीने.

निम्मं म्हणजे काय मोठंसं, असं पहिल्यांदा वाटतं. पण प्रत्येक हल्ला दीडपट झाला, आणि तोही फुकट, वेगळी टर्न न घालवता. त्याहून वाईट म्हणजे तो दोन तुकड्यांत आला. या खेळात फोकस सॅश नावाची एक पट्टी असते. पूर्ण ताकदीत असलेल्या पोकेमॉनला ती एका फटक्यात मरू देत नाही, एक एचपी, म्हणजे जीवाचा शेवटचा गुण, शिल्लक ठेवते. नाजूक, वेगवान पोकेमॉन तिच्याच आधारावर जगतात. कंगासखानपुढे ती पट्टी कुचकामी. आईच्या ठोशाने एक एचपी उरतो आणि पिल्लू तो उचलतं.

मग ‘पॉवर-अप पंच’. ही अगदी मामुली चाल, ताकद अवघी ४०, पण लागली की मारणाऱ्याचा हल्ला एक पायरी वाढतो. दोघांनी मारलं की दोन पायऱ्या, म्हणजे हल्ला थेट दुप्पट. एरवी हल्ला दुप्पट करायला ‘स्वॉर्ड्स डान्स’सारख्या चालीवर अख्खी टर्न खर्च करावी लागते आणि त्या टर्नला समोरच्याला ओरखडाही जात नाही. इथे मारता मारता दुप्पट.

एकेरी लढाया खेळणाऱ्या मोठ्या समुदायाने आपल्या नेहमीच्या नियमांतून तिचा खडाच काढून टाकला. अधिकृत स्पर्धांमध्ये ती सोय नव्हती. तिथे तिच्याशी लढायचं होतं.

कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते आणि शिकाऊ पैलवान ती एकास एक पाठ करतो. अमका डाव आला तर तमकी तोड. पोकेमॉनमध्येही नवखे तशीच यादी शोधतात. कंगासखान नॉर्मल प्रकारातली, नॉर्मलची दुखरी नस म्हणजे फायटिंग, म्हणून एखादा दांडगा फायटिंग प्रकारातला पोकेमॉन आणायचा, झालं. मीही तेच केलं होतं. अडचण अशी की फायटिंगवाले बहुधा नाजूक असतात, तिचा मार झेलून उभे राहत नाहीत. आधी जाऊन मारलं तर ते जिंकतात, पण समोर आणायला जी एक टर्न लागते त्यातच संपतात. जाणकार खेळाडू यासाठी दोन वेगळे शब्द वापरतात. समोरच्याचा मार सोसत मैदानात उतरून मग त्याला हरवतो तो काउंटर. सुखरूप उतरवता आला तरच हरवू शकतो तो नुसता चेक. हा फरक डोक्यात बसेपर्यंत माणूस चेक गोळा करतो आणि आपल्याकडे चार काउंटर आहेत या भ्रमात राहतो.

मी यादी बाजूला ठेवली आणि तिच्याकडेच नीट पाहायला लागलो. तिला नेमकं काय काय लागतं?

पहिली गोष्ट, तिला अंगाला अंग लावावं लागतं. फेक आउट, रिटर्न, डबल-एज, पॉवर-अप पंच, सकर पंच, तिच्या नेहमीच्या सगळ्या चाली स्पर्शाच्या आहेत. आणि तिचा सगळा दरारा दोनदा मारण्यात आहे, म्हणजे स्पर्शही दोनदा.

गारचॉम्प हा काटेरी कातडीचा ड्रॅगन. रफ स्किन हा त्याचा गुण. जो त्याला स्पर्श करून मारेल त्याची स्वतःच्या एकूण एचपीच्या एक अष्टमांश हानी होते. त्याच्या हाती रॉकी हेल्मेट दिलं की स्पर्श करणाऱ्याचा आणखी एक षष्ठांश जातो. आता गणित मांडू. फारशी पोसलेली नसेल तर कंगासखानचे पन्नासाव्या लेव्हलला १८१ एचपी असतात. अष्टमांश म्हणजे २२, षष्ठांश म्हणजे ३०. एका स्पर्शाला ५२. पण ती तर दोनदा मारते. १०४.

गारचॉम्पने तिला बोटही लावलेलं नाही. तो तिथे उभा होता, आणि तिच्या एका हल्ल्यात तिचा निम्म्याहून जास्त जीव गेला. आणखी एकदा मारलं तर पिल्लाच्या ठोशाबरोबर आई कोसळते. तिचे एचपी वाढवून काही साधत नाही, कारण काटे टक्क्यात बोचतात. सगळी मेहनत एचपीवर ओतली आणि २१२ केले, तरी प्रत्येक हल्ल्याला १२२ जातात. प्रमाण तेच, साधारण बारातले सात भाग.

शिवाय तिच्या हातात खडा आहे. मेगा व्हायचं तर हातात तोच धरावा लागतो, दुसरं काही नाही. बाकीचे पोकेमॉन हातात सिट्रस बेरी किंवा लेफ्टओव्हर्स धरून झालेली हानी भरून काढतात. हिला ती सोय नाही. गेलेला जीव गेलाच.

यातली गंमत मला गणितापेक्षा जास्त भावते. फेक आउट ही फक्त मैदानात आल्या आल्या वापरता येणारी हलकी चाल, समोरच्याला दचकवून त्याची टर्न खायची एवढंच तिचं काम. कंगासखान ती दर सामन्यात पहिल्या टर्नला जवळपास सवयीने वापरते. तीच फेक आउट हेल्मेटवाल्या गारचॉम्पवर मारली तर किरकोळ इजा करण्यासाठी ती १०४ एचपी मोजते. दोनदा मारण्याची देणगी इथे दुप्पट दंड होऊन परत येते.

अर्थात समोरचाही वेडा नसतो. गारचॉम्प दिसला की तो त्याच्या जोडीदाराला मारतो. म्हणजे गारचॉम्पने कंगासखानला मारलं नाही, पण तिचं लक्ष्य ठरवलं. आता ती कोणाला मारणार हे मला आधीच कळलंय, आणि जोडीदाराने त्याच टर्नला ‘प्रोटेक्ट’ वापरून स्वतःला झाकून घेतलं तर तिचा हल्ला वाया जातो. तोपर्यंत गारचॉम्प मोकळा.

दुसरी गोष्ट तिला लागते ती म्हणजे माझा हल्ला. हे वाक्य विचित्र वाटेल. सकर पंच ही चाल प्राधान्याने आधी जाते, वेग कितीही असो, पण एका अटीवर. समोरच्याने त्या टर्नला हल्ल्याची चाल निवडलेली असली पाहिजे. त्याने हल्ला न करता दुसरंच काही केलं, स्वतःला झाकून घेतलं किंवा आजार टाकणारी चाल टाकली, तर सकर पंच हवेत जातो.

पुन्हा गेंगार. भूत असल्याने मेगा कंगासखानची फेक आउट, रिटर्न, डबल-एज, पॉवर-अप पंच, काहीच त्याला लागत नाही. उरतो एक सकर पंच. तो डार्क प्रकारातला, भुताला दुप्पट लागणारा, आणि नाजूक गेंगार त्यात वाचत नाही. गेंगारकडे एक हल्ला आहे आणि ‘विल-ओ-विस्प’ आहे. ही दुसरी म्हणजे निळसर ज्वाळा सोडून समोरच्याला भाजणारी चाल. भाजलेल्या पोकेमॉनचा शारीरिक हल्ला निम्मा होतो आणि खेळाच्या त्या पिढीत दर टर्नला एचपीचा अष्टमांश झिजायचा. कंगासखानसाठी ही जवळजवळ शिक्षाच. पण चाल शंभरातल्या ८५ वेळाच लागते.

आता एकी-बेकी. मी हल्ला निवडला आणि तिने सकर पंच, गेंगार गेला. मी ज्वाळा निवडली आणि तिने सकर पंच, तो हवेत गेला आणि ती भाजली. मी ज्वाळा निवडली आणि तिने हे ताडून सकर पंच माझ्या हल्ला करणाऱ्या दुसऱ्या पोकेमॉनवर मारला, तर भाजण्याआधी त्याचं जे व्हायचं ते झालं. नेहमी एकच निवडणारा माणूस दोन सामन्यांत ओळखला जातो. शहाणा खेळाडू कधी हे, कधी ते असं मिसळतो, पण नुसतं अंदाधुंद नाही. कुठली चूक किती महाग पडेल त्या हिशोबाने मिसळतो. मी ज्वाळेकडे जास्त झुकतो. चुकलो तरी गेंगार जगतो, आणि जगलेला गेंगार कंगासखानला दर टर्नला नवा प्रश्न टाकतो.

माझा भाचा हे ओळखून होता. म्हणून त्याने पहिल्या टर्नला मेगा केलंच नाही. साध्या, पिल्लू पिशवीत असलेल्या कंगासखानचे गुण वेगळे असतात. त्यातला एक स्क्रॅपी. स्क्रॅपी असेल तर नॉर्मल आणि फायटिंग प्रकारचा मार भुतालाही लागतो. मेगा झालं की स्क्रॅपी जातो आणि पॅरेंटल बाँड येतो, आणि मेगा होणं त्या टर्नच्या चालींच्या आधी घडतं. पहिल्या टर्नला मेगा न करता फेक आउट मारली तर भूतही दचकतं, दुसऱ्या टर्नला मेगा करायला ती मोकळी. दुसरा एक गुण इनर फोकस, तो असेल तर तिला स्वतःला कोणी दचकवू शकत नाही. यातला कुठला गुण घेतलाय हे समोरच्याला पाहून कळत नाही. फसल्यावरच कळतं.

थांबण्याला एक किंमतही होती. त्या पिढीच्या नियमात मेगा झाल्याच्या टर्नला क्रम जुन्याच वेगाने ठरायचा. साध्या कंगासखानचा मूळ वेग ९०, मेगाचा १००, गारचॉम्पचा १०२, गेंगारचा ११०. हे मेगाचे १०० त्या टर्नला उपयोगी नाहीत, पुढच्या टर्नपासून. म्हणजे मेगा एक टर्न लांबवलं की वाढलेला वेगही एक टर्न लांबतो. काही वेळा नेमका तो एक टर्नच सामना असतो.

तिसरी गोष्ट, तिला वाढलेला हल्ला टिकवायचा असतो. ग्याराडोससारखे पोकेमॉन मैदानात उतरले की त्यांच्या इंटिमिडेट या गुणाने समोरच्या दोघांचा हल्ला एक पायरी उतरतो, दोन तृतीयांशावर येतो. नवख्याला वाटतं झालं, दात काढले. एक पॉवर-अप पंच लागला की दोन पायऱ्या वर, म्हणजे ती उणे एकवरून अधिक एकवर, दीडपट. इंटिमिडेटने तिला थांबवलं नाही, एक टर्न मागे लोटलं, एवढंच. त्या टर्नचा उपयोग करणारा कोणी शेजारी नसेल तर इंटिमिडेट फुकट. आणि पॉवर-अप पंच भुताला लागत नाही, म्हणून ती पायऱ्या चढायला भूत नसलेलं लक्ष्य शोधते. मैदानात एक भूत आणि एक काटेवाला असे दोनच उभे असतील तर तिची चढाई अडून बसते. मला सापडलेली ही सगळ्यांत चांगली जोडी, आणि भाच्याने ती दोन सामन्यांत मोडून काढली, कारण कंगासखानशेजारीही कोणीतरी असतं.

लोक एकेका पोकेमॉनची तोड शोधत राहतात आणि जोडीत हरतात. दुहेरी सामन्यात कंगासखान एकटी कधीच नसते. तिच्याशेजारी अमूंगस असेल तर तो ‘रेज पावडर’ने आपल्या फायटिंगवाल्याचा ठोसा स्वतःवर ओढून घेतो. टॅलनफ्लेम असेल तर तो प्राधान्याने उडणारा पक्षी आपल्या फायटिंगवाल्याला आधीच संपवतो. म्हणून तिची तोड करणारा खेळाडू बहुतेक वेळा तिच्या जोडीदारावर मारा करतो. हे कळायला मला माझ्या पराभवांची बरीच मोठी मालिका लागली.

आणि सहाच जागा असतात. तिच्यासाठी एक अख्खा पोकेमॉन राखून ठेवला तर बाकीच्या सामन्यांत तो ओझं होतो. उत्तम तोड तीच, जी तिच्याविरुद्ध चालते आणि ती नसतानाही रिकामी बसत नाही. या एका निकषाने २०१४ सालची एक गोष्ट समजावून घेता येते. तिच्यामुळे पोकेमॉन न खेळणाऱ्यांच्याही कानावर एका खारीचं नाव गेलं.

ऑगस्ट २०१४, अमेरिकेतलं वॉशिंग्टन, जागतिक अजिंक्यपद. दक्षिण कोरियाचा से-जून पार्क टीममध्ये पाचिरिसू घेऊन आला. पांढरी-निळी विजेची खार, उंची ४० सेंटीमीटर, वजन चार किलोलाही थोडं कमी. पोकेमॉनचे सहाही मूळ आकडे मिळवले तर मेगा कंगासखानचे ५९० होतात, पाचिरिसूचे ४०५. कोणाला वाटलं चेष्टा आहे. पार्क ती स्पर्धा जिंकून गेला.

पाचिरिसू कुणाला फारसं मारत नाही. ‘फॉलो मी’ या चालीने ती समोरच्यांचे एकेरी हल्ले स्वतःकडे वळवते. ‘नझल’ने गाल घासून समोरच्याला हमखास लकवा मारते, आणि त्या पिढीत लकवा लागला की वेग पावपटीवर यायचा. ‘सुपर फँग’ने समोरच्याचे उरलेले एचपी निम्मे करते. समोरचा किती पोसलेला आहे, याचा विचार नाही. निम्मे म्हणजे निम्मे. कंगासखानचेही. तिच्या अंगभूत गुणाने तिला वीज लागत नाही, उलट वीज पिऊन ती तरतरीत होते. पार्कच्या टीममध्ये मेगा होणारा ग्याराडोस होता आणि मेगा होण्यापूर्वी ग्याराडोसला वीज चौपट लागते. त्याच्या पुढे खार उभी राहिली की समोरच्याची वीज तिच्या पोटात.

कंगासखानच्या दृष्टीने ही खार म्हणजे डोकेदुखी. तिला वाढलेल्या हल्ल्याने धोकादायक लक्ष्य आडवं करायचंय, तर खार मध्ये येते. खारीला मारून काही हाती लागत नाही, न मारावं तर ती लकवा देते नाहीतर निम्मं चावते. खारीला तिची एक चाल मात्र भारी पडते. त्या पिढीत फेक आउट फॉलो मीच्याही आधी जायची. म्हणजे पहिल्या टर्नला कंगासखान खारीलाच दचकवू शकते आणि तिचा अडसर त्या टर्नपुरता हटतो. म्हणून खारीला पहिल्या टर्नला पुढे करावं की पाठीमागे राखून कंगासखानची फेक आउट संपल्यावर आणावं, हा निर्णय दर सामन्याला नव्याने घ्यायचा.

फायनलमध्ये समोरच्याच्या हायड्रायगन या पोकेमॉनचा ‘ड्रॅको मीटिअर’ खारीवर पडला. त्या खेळातल्या सर्वांत जबर हल्ल्यांपैकी हा एक. खार उभी राहिली. त्यामागे चमत्कार नव्हता, पार्कने तिला मारण्यासाठी नाही, झेलण्यासाठी पोसलं होतं. वाढीचे ५१० गुण वाटून द्यायचे असतात, एका आकड्यावर जास्तीत जास्त २५२. आपण सगळे ते हल्ला आणि वेगावर उधळतो, कारण मारायला मजा येते.

पुढच्या वर्षी बोस्टनला जपानचा शोमा होनामी जिंकला आणि त्याच्या टीममध्ये कंगासखान होती. त्या वर्षी खेळाडूंच्या तोंडी एकाच टीमचं नाव होतं, चॉक. क्रेसेलिया, हीट्रॅन, अमूंगस, लँडोरस, कंगासखान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेला शब्द, आपला खडू. या टीममधले लँडोरस आणि अमूंगस हेच कंगासखानचे नामांकित अडथळे. लँडोरस इंटिमिडेटने तिचा हल्ला उतरवतो. अमूंगस रॉकी हेल्मेट घालून रेज पावडर टाकतो, तिचे दोन्ही ठोसे काट्यांवर ओढतो, आणि मग झोपवतो. लोकांनी तिची तोड शोधली आणि तिच्याच शेजारी उभी केली. तिला हरवायचं ज्ञान तिच्या मालकालाच सगळ्यांत जास्त होतं. त्या वर्षी हे सामने पाहणाऱ्याला बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कंगासखान दिसायची, आणि कोणाची आधी मेगा होते आणि कोणाची थांबते याकडेच डोळे लागायचे.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सन’ आणि ‘मून’ आले आणि निर्मात्यांनी पिल्लाचा ठोसा अर्ध्यावरून पाववर आणला. दीडपटीचं सव्वापट झालं. सकर पंचची ताकदही ८० वरून ७० केली. काट्यांचं गणित मात्र त्यांनी बदललं नाही. ती अजूनही दोनदा स्पर्श करायची आणि दोनदा बोचून घ्यायची. मिळकत निम्मी झाली, दंड तेवढाच राहिला. मेगा झाल्याच्या टर्नलाच नवा वेग लागू व्हायला लागला, हा थोडा दिलासा तिला मिळाला, पण पूर्वीचं राज्य परत आलं नाही. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये तर मेगाच नव्हतं.

आमच्या घरी निन्टेंडोचं यंत्र कधीच नव्हतं. आम्ही दोघं लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सिम्युलेटरवर खेळतो, आणि भाच्याच्या हट्टाने २०१४ चेच नियम लावतो. तो म्हणतो, ‘‘कंगासखान तेव्हाचीच खरी.’’ तो जन्मला त्याच्या आसपासची गोष्ट आहे ही, तरीही असं म्हणतो.

मागच्या रविवारी मी तयारीनिशी बसलो. गारचॉम्पला हेल्मेट, गेंगारला ज्वाळा, ग्याराडोस आणि त्याच्यापुढे खार. समोरच्या सहांत कंगासखान होतीच. मी गेंगार आणि गारचॉम्प पुढे केले, खार मागे राखली, सगळा हिशोब तिच्या फेक आउटचा. पहिल्या टर्नला तो ती काढेल आणि मेगा करणार नाही, हे धरून गेंगारला प्रोटेक्टने झाकायचं ठरवलं होतं. समोरून अमूंगस आणि हायड्रायगन आले. दुसऱ्या टर्नलाही ती आली नाही. तिसऱ्याला मी गेंगार जपला, मधल्या वेळात हायड्रायगनने गारचॉम्पला उडवलं. खार आणली, अमूंगसने ती झोपवली. शेवटचे दोघं कोण राहिले असतील याचा मी हिशोब करत राहिलो, कारण मागे ती असणार हे मी धरूनच चाललो होतो.

सामना संपला तेव्हा स्क्रीनवर त्याने निवडलेले चारही दिसले. कंगासखान त्यांत नव्हती.

‘‘आणायचीच नव्हती,’’ तो म्हणाला आणि चहा संपवायला लागला.